आफ्रिकेचे कापड, मुंबईची गिरणी आणि आजीचा फोटो

माझ्या भाचीच्या मंगल परिणयाची तारीख ठरली आणि घरात पहिला वाद झाला तो फोटोवरून. आजकाल लग्नाआधी मुलामुलींचे वेगळे फोटो काढण्याची पद्धत पडली आहे. भाचीने मोबाईलवर काही फोटो पाहून ठेवले होते. डोक्याला उंच फेटा बांधलेल्या आफ्रिकन स्त्रिया, अंगावर मोठमोठ्या नक्षीचे पिवळे, निळे, केशरी कपडे आणि पाठीमागे तसाच नक्षीदार पडदा. "मामा, मला अस्से फोटो काढायचेत," ती म्हणाली आणि पनवेलच्या बाजारातून आणलेले पाच मीटर कापड तिने माझ्यापुढे पसरले. दुकानदाराने 'आफ्रिकन प्रिंट' म्हणून ते दिले होते. माझी बहीण कपाळाला हात लावून म्हणाली, "ह्यो तर खिडकीचा पडदा! हा नेसून फोटो काढणार?"

मी भाचीला एवढेच विचारले, "बाळ, हे कापड कुणाचे, कुठले, ते तुला ठाऊक आहे का?" तिला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही तेव्हा फारसे ठाऊक नव्हते. मी कारकुनी करणारा माणूस. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेले. पण चळवळीच्या निमित्ताने वाचनाची सवय लागलेली. म्हणून या कापडाच्या मागे लागलो, आणि ते कापड मला झांझिबारहून मुंबईच्या गिरणीत, गिरणीतून महाडला आणि महाडहून थेट माझ्या मेलेल्या आजीच्या फोटोपर्यंत घेऊन आले. वाचक बंधू-भगिनींना ती हकीकत सांगावीशी वाटते.

कांगा : मुक्त झालेल्या स्त्रियांचे वस्त्र

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, केनिया, टांझानिया आणि झांझिबारमध्ये, स्त्रिया 'कांगा' नावाचे वस्त्र वापरतात. सुती कापड, भोवती रुंद काठ, मध्ये ठसठशीत नक्षी आणि खालच्या बाजूला स्वाहिली भाषेतील एक म्हण किंवा वाक्य छापलेले. कांगा जोडीने विकतात. एक कमरेला गुंडाळायचा, दुसरा डोक्यावरून किंवा खांद्यावरून घ्यायचा. आईने मुलीला, नवऱ्याने बायकोला द्यायचा तो कांगा त्यावरचे वाक्य वाचून निवडतात. तोंडाने बोलता येत नाही ते कांगा बोलतो, असे तिकडे मानतात.

या कांग्याच्या पाठीमागचा इतिहास आपल्याला फार जवळचा आहे. झांझिबारमध्ये गुलामांचा मोठा बाजार होता. गुलाम स्त्रीच्या वाट्याला जाडेभरडे कोरे कापड किंवा निळीत बुडवून काळपट केलेले 'कनिकी' नावाचे कापड येई. डोक्यावरून वस्त्र घेणे हा स्वतंत्र आणि मानमरातबाच्या बायकांचा अधिकार मानला जाई. म्हणजे अंगावरचे कापड पाहिले की हिची जागा कोणती हे चारचौघांना लांबूनच कळे. १८९७ साली झांझिबारमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मुक्त झालेल्या स्त्रियांनी ते काळे कापड टाकले आणि रंगीत कांगा नेसला. डोक्यावरून घेतला. कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही.

हे वाचताना मला महाड आठवले. महाड आपल्याच रायगड जिल्ह्यातले. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली होती. लुगडे कसे नेसावे, हे त्यांनी तेव्हा सांगितले. अस्पृश्य बाई ओळखू यावी अशी आखूड लुगडे नेसण्याची रीत आणि ते हातापायांतले, गळ्यातले जडशीळ दागिने टाकून द्या, इतर स्त्रियांसारखे नीट घोट्यापर्यंत लुगडे नेसा, मुलींना शाळेत घाला, असा तो उपदेश होता. त्या सभेला आलेल्या बायांनी लुगडे नेसण्याची पद्धत तिथल्या तिथे बदलली, हे आपल्या चळवळीच्या इतिहासात नोंदले गेले आहे. झांझिबारच्या मुक्त स्त्रिया आणि महाडच्या आपल्या आज्या-पणज्या एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. तरी दोघींनी एकच गोष्ट केली. माझी ओळख मी ठरवीन, तू नाही, हे त्यांनी कापडातून सांगितले.

सूत आपले, साचा दुसऱ्याचा

आता गिरणीकडे वळू. आमच्या कोनमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी घरे आहेत. २०१६ साली येथील २४१७ घरांची सोडत निघाली. नाव लागूनही ताबा मिळायला लोकांना कित्येक वर्षे थांबावे लागले. मध्ये करोनाच्या काळात ही घरे विलगीकरणासाठी वापरली गेली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात ज्यांचे संसार विस्कटले, त्यांतले अनेक कामगार घर पाहण्याआधीच गेले. आज त्यांची मुले, सुना, नातवंडे येथे राहतात. भाचीचे वडिलांकडचे आजोबाही गिरणीतच होते. रिंग खात्यात.

रिंग खात्यातच का? तर विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. त्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले तर आम्ही त्याला तोंड कसे लावायचे, असे सवर्ण कामगार म्हणत. विणकाम खात्यात पगार जास्त होता. तो दरवाजा तोंडाच्या विटाळाने बंद ठेवला होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि विणकाम खाते सर्वांना खुले करा, अशी मागणी लावून धरली. कामगार एकजुटीच्या गोष्टी करणाऱ्यांनाही त्याचे उत्तर देणे जड गेले.

आता या मुंबईचा आणि झांझिबारचा संबंध पाहा. पूर्व आफ्रिकेत एके काळी अमेरिकेतून येणाऱ्या कोऱ्या जाड्या कापडाला फार मागणी होती. अमेरिकेचे म्हणून त्याला 'मेरिकानी' म्हणत. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी काढण्याचा घाट घातला आणि पुढे गिरण्या वाढत गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्यांच्या कापडाने झांझिबारच्या बाजारात अमेरिकन कापडाला मागे सारले. कांग्याचा व्यापारही बऱ्याच अंशी भारतातून गेलेल्या व्यापाऱ्यांच्या हाती होता. मोम्बासातील कादरदीना हाजी इसाक यांची १८८७ पासूनची पेढी कांग्यासाठी आजही प्रसिद्ध आहे. कांग्याचे कापड कधी इंग्लंड-हॉलंडमध्ये, कधी जपानमध्ये छापले गेले. पुढच्या काळात भारतातही मोठ्या प्रमाणावर छापले जाऊ लागले.

पश्चिम आफ्रिकेतल्या ज्या मेणछापाच्या कापडाला आज जग 'आफ्रिकन प्रिंट' म्हणून ओळखते, त्याचीही अशीच गंमत आहे. मूळ कला इंडोनेशियातल्या जावा बेटावरची, बाटिकची. हॉलंडच्या कारखानदारांनी यंत्रावर तिची नक्कल केली. हेलमंड गावची व्लिस्को ही कंपनी १८४६ सालची. हा माल पश्चिम आफ्रिकेत खपला तो तिथल्या बायकांमुळे. कोणती नक्षी चालेल हे बाजारातल्या बायका ठरवत, नक्षीला नावेही त्याच देत. टोगो देशातील लोमे शहरात या व्यापारातून मोठ्या झालेल्या स्त्रियांना, त्यांच्या मोटारीवरून, 'नाना बेंझ' असे नाव पडले होते.

म्हणजे कापड जावाचे, यंत्र हॉलंडचे, कुठे सूत मुंबईचे आणि जीव आफ्रिकेचा. सगळ्यांनी एकमेकांकडून घेतले. देवाणघेवाणीत काही वाईट नाही. पण हिशेबनीस म्हणून मला एक सवय आहे. वहीत दोन्ही बाजू लिहिल्या पाहिजेत. कोणाकडून घेतले ते जमेच्या बाजूला लिहिलेच नाही, तर ती वही खोटी.

बामाकोचा फोटोवाला

भाचीने मोबाईलवर पाहिलेल्या त्या फोटोंचे मूळही मला सापडले. नक्षीदार पडद्यापुढे नक्षीदार कपड्यातला माणूस बसवायचा ही रीत ज्याच्या फोटोंमुळे जगाला माहीत झाली, तो सेदू केइता. पश्चिम आफ्रिकेतील माली देशाची राजधानी बामाको, तिथला. जन्म १९२१ च्या सुमाराचा. सुतारकाम करणारा मुलगा. १९३५ साली काकाने एक साधा कॅमेरा आणून दिला आणि तो स्वतःच्या खटपटीने फोटो काढायला शिकला. १९४८ साली घराजवळच त्याने स्टुडिओ थाटला. तेव्हा मालीवर फ्रेंचांचे राज्य होते.

पडदा कुठला? सुरुवातीला त्याने स्वतःच्या अंथरुणावरची चादरच पाठीमागे टांगली. उजेड सूर्याचा. फिल्म महाग म्हणून बहुतेक वेळा एका माणसाचा एकच फोटो. त्यामुळे बसवताना मान कशी, हात कुठे, कापडाची चुणी कशी पडली, हे तो नीट पाही. स्टुडिओत त्याने कोट, घड्याळ, पेन, रेडिओ, स्कूटर ठेवली होती. ज्याला हवे त्याने घ्यावे. पण बायका बहुधा स्वतःच्या उत्तम कपड्यांत येत. ते पायघोळ झगे, डोक्याचे फेटे, कानांतले सोने. फोटो काळेपांढरे असले तरी नक्षीवर नक्षी अशी उठून दिसते की रंगांची उणीव भासत नाही. त्या फोटोंत कुणी लाचार नाही. परक्या राज्यात राहणारी माणसे, पण कॅमेऱ्यापुढे आपापल्या घरच्या मालकासारखी बसलेली. १९६० साली माली स्वतंत्र झाला. मला वाटते, ती माणसे त्या फोटोंत आधीच स्वतंत्र झाली होती.

केइताच्या बाबतीत एक चटका लावणारी गोष्ट घडली. १९९१ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्याचे फोटो लागले, पण खाली लिहिले होते, 'छायाचित्रकार अज्ञात'. माणूस बामाकोत जिवंत होता! नंतर शोध घेत लोक त्याच्यापर्यंत पोचले, १९९४ साली पॅरिसमध्ये त्याच्या नावाने प्रदर्शन झाले. २००१ साली तो वारला. मात्र त्याच्या फोटोंतल्या बहुतेक माणसांची नावे आजही जगाला कळत नाहीत.

नाव नसलेल्या फोटोंची दुसरी, जास्त वाईट जात आहे. झांझिबारमध्ये गोव्याहून गेलेल्या गोम्स, कुतिन्हो अशा मंडळींचे स्टुडिओ होते. कांगा नेसलेल्या स्त्रियांचे त्यांचे फोटो पोस्टकार्डांवर छापून विकले गेले, आणि खाली नाव नाही, नुसते 'स्वाहिली स्त्री' अशा धर्तीचे शब्द. आपल्याकडे इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातील लोकांचे आठ खंड फोटोंसह छापले. त्यांत माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून उभी आहेत. एक फोटो माणूस स्वतः काढून घेतो. दुसरा त्याचा काढला जातो. दोन्हींत फरक आहे.

हा फरक ओळखणारा मोठा माणूस म्हणजे फ्रेडरिक डग्लस. अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मला, १८३८ साली निसटला आणि गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर लढला. त्याचे सुमारे १६० फोटो आहेत. त्या शतकात अमेरिकेत इतके फोटो दुसऱ्या कुणाचे निघाले नसावेत. वर्तमानपत्रांत काळ्या माणसाची विद्रूप चित्रे छापली जात, त्याला उत्तर म्हणून तो नीटनेटका कोट घालून, गंभीर चेहऱ्याने कॅमेऱ्यापुढे बसे. आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर सुटाबुटातले बाबासाहेब का असतात, हे यावरून मुलांना सांगता येईल. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकले, काळ्यांच्या हार्लेम वस्तीच्या शेजारी. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्रही लिहिले. दलित पँथरचे नाव १९७२ साली कुठून आले, हे तर सर्वश्रुत आहे. आपले आणि त्यांचे नाते जुने आहे.

मलिक अंबर परत आला

सेनेगल देशातील डकार शहराचा ओमर व्हिक्टर दिओप हा १९८० साली जन्मलेला छायाचित्रकार. आधी कंपनीत नोकरी, मग कॅमेरा. २०१४ साली त्याने एक फोटोमालिका केली. आफ्रिकेबाहेर जाऊन नाव कमावलेल्या आफ्रिकन माणसांचा वेष स्वतः घालून त्याने स्वतःचेच फोटो काढले. प्रत्येक फोटोत फुटबॉलशी संबंधित एखादी वस्तू, कारण आजही आफ्रिकन खेळाडूला परदेशात डोक्यावर घेतात आणि त्याच मैदानात हिणवतातही. त्या मालिकेत डग्लस आहे. आणि आपला मलिक अंबरही आहे!

'आपला' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना त्याने झुंजवले. खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथली नहर त्याने बांधली, जमीन महसुलाची घडी बसवली. १६२६ साली वारला, कबर खुलताबादला आहे. शाळेत आपण त्याचे नाव वाचले, पण तो काळा आफ्रिकन होता आणि गुलाम होता, हे किती जणांच्या लक्षात राहते? आपल्या रायगड जिल्ह्यात मुरूडच्या जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे आफ्रिकेचेच. म्हणजे भाचीने 'परदेशी' म्हणून आणलेले कापड पनवेलपासून तेवढे परके नाही.

आजीचा फोटो

आता घरचे सांगतो. माझ्या आजीचा एकच फोटो आमच्या घरी आहे. ती गेल्यावर केलेला. जिवंतपणी तिचा फोटो कुणी काढलाच नाही. मतदार ओळखपत्रावर होता तेवढाच. तो बोटाएवढा चेहरा मोठा करायला दिला. फोटोवाल्याने चेहऱ्याखाली दुसऱ्याच कुठल्यातरी बाईचे धड जोडले. जांभळी जरीची साडी, गळ्यात मोत्यांची माळ. आजीने आयुष्यात जरीची साडी नेसली नाही. तिचे हिरवे इरकली लुगडे होते, त्याला दंड घातलेला होता, तो शिवणीचा टाका मला अजून दिसतो. फोटोत ते नाही. त्या फोटोपुढे आम्ही दरवर्षी मेणबत्ती लावतो, आणि दरवर्षी मला वाटते, चेहरा आमच्या आजीचा आणि अंग दुसऱ्याचे. महाडच्या वाटेने चालत आलेल्या पिढीतल्या बाईला शेवटी परक्याचे लुगडे नेसवून आम्ही भिंतीवर टांगले.

असे फोटो आपल्या वस्त्यांत घरोघर आहेत. रमाईंचे देखील मोजकेच फोटो आपल्याजवळ आहेत. फेब्रुवारी १९३४ मधला राजगृहातला कुटुंबाचा फोटो सर्वांनी पाहिला असेल. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. तो एक फोटो त्या दिवशी निघाला नसता तर?

म्हणून भाचीला मी फोटो काढू नको असे म्हटले नाही. दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हे कापड नेस, पण कुणी विचारले तर त्याची गोष्ट तुला सांगता आली पाहिजे. तोंडाला काळे फासून किंवा 'जंगली' अवतार करून त्या लोकांची थट्टा करायची नाही. ज्यांना लोकांनी कपड्यावरून हिणवले, त्यांनी दुसऱ्याच्या कपड्याला हसू नये. दुसरी, पाठीमागचा पडदा बाजारातला नको. केइताने स्वतःची चादर लावली होती. तू आपल्या घरातली गोधडी लाव.

भाचीला हे पटले. तिच्या आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी कोनच्या घरात गॅलरीत टांगली. सकाळी नऊचा उजेड. फोटो काढायला मित्राचा साधा कॅमेरा. गोधडीच्या ठिगळांपुढे ते आफ्रिकेचे पिवळे-निळे कापड असे शोभले की पडदा म्हणणारी माझी बहीण गप्प झाली.

मग मी माझ्या आईला म्हटले, "आता तू बस." आई चपापली. "मेल्यावर भितीला लावायचा का रं फोटू?" मी म्हटले, "नाही आई, जिवंतपणी बघायचा." ती आत गेली आणि विजयादशमीला नेसते ती पांढरी साडी नेसून आली. खुर्चीत बसली. हात कुठे ठेवू म्हणाली, मी म्हटले तुला वाटेल तिथे ठेव. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिले. एकच फोटो काढला.

वाचकांना माझी विनंती आहे. येत्या रविवारी विहारातून आल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उजेडात बसवा. त्यांच्या आवडीच्या, त्यांच्या स्वतःच्या कपड्यांत. एक फोटो काढा, मोबाईलमध्ये ठेवू नका, कागदावर छापून घ्या. आणि मागे लिहा : पूर्ण नाव, माहेरचे नाव, गाव, साल, कुठल्या गिरणीत किंवा शेतात काम केले ते. अंगावरचे लुगडे कुठून आणले, तेही लिहा. उद्या कुणी आपल्या माणसांचे फोटो कुठे लावले तर खाली 'अज्ञात' लिहायची वेळ येऊ नये.

आईच्या फोटोमागे मी तिचे नाव लिहायला पेन काढले, तर तिने ते हातातून घेतले. प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेल्या अक्षरांनी तिने स्वतःचे नाव स्वतः लिहिले. दोन मिनिटे लागली. आम्ही सगळे थांबलो.

जयभीम.